दोन बाटल्या

लेकीच्या, शालनच्या, सुपारीच्या दिवशी सोपानरावांनी सकाळी दीड भाकरी खाल्ली. पिठल्याचा गोळा भाकरीवर घेऊन, मांडी घालून, नीट चावून खाल्ली, आणि वर "अजून अर्धी हाय का?" असंही विचारलं. चुलीपाशी बसलेल्या थोरल्या बहिणीनं, कौशल्याबाईंनी, अर्धी त्यांच्या ताटात टाकली आणि मनाशी म्हटलं, केलं ते बरंच केलं.

अडीच महिने या माणसाच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. दिवाळी झाल्यावर, लष्कराच्या तारेलगतच्या वावरात पाण्याचं दारं धरताना सोपानराव उभ्या जागी कोसळले होते. धाकट्या लक्ष्मणरावांनी त्यांना बैलगाडीत घालून पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर मोघ्यांनी हातापायाला पट्टे बांधून यंत्रातून कागदावर काळजाची रेघ काढली आणि सांगितलं, की काळजाच्या खालच्या कप्प्यातून भलतेच ठोके सुटतात, मिनिटाला दोनशेच्या घरात, आणि त्या घाईत रक्त पुढे ढकललंच जात नाही. औषधाचं नाव क्विनिडीन. पहिली गोळी दिली तेव्हा नर्स दोन तास उशाशी बसून होती. बारा दिवसांनी रेघ नीट आली आणि डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं, दर सहा तासांनी एक गोळी, एकही चुकवायची नाही. सोपानरावांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी, ते वचन देवाला दिल्यासारखं पाळलं. दिवसाच्या गोळ्या खडकीच्या कारखान्याच्या भोंग्यावर, रात्रीची लक्ष्मणरावांच्या घड्याळावर. पाण्याचा तांब्या घेऊन त्या नवऱ्यापुढे उभ्या राहात आणि गोळी घशाखाली उतरल्याशिवाय हलत नसत.

पण गोळी पोटात गेली की तासाभरात सोपानराव परसाकडे धावत. दिवसातून चार-पाच वेळा. माणूस वाळून काटकी झाला. त्यात कानांचं सुरू झालं. "अक्का, कानात रातकिडं वरडत्यात बघ," असं एके दिवशी ते सहज म्हणाले, आणि कौशल्याबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

त्यांच्या नवऱ्यानंही असंच म्हटलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी, चाकणच्या पलीकडे, हिवतापात. वैद्यानं हात टेकले तेव्हा सरकारी माणसानं कोयनेल दिलं, ढीगभर दिलं. चौथ्या दिवशी नवरा म्हणाला, कानात रातकिडे ओरडतात. सहाव्या दिवशी त्याला बायकोची हाक ऐकू येईना, आणि आठव्या दिवशी तो गेला. कौशल्याबाई एकोणीस वर्षांच्या होत्या. त्या दिघीला माहेरी परत आल्या तेव्हा सोपान सात वर्षांचा होता आणि लक्ष्मण पाळण्यात. दोन वर्षांनी आई गेली. दोघा भावांना अंघोळ घालण्यापासून त्यांची लग्नं लावण्यापर्यंत सगळं अक्कानं केलं.

लक्ष्मणरावांनी एकदा दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारलं होतं, हे औषध कसलं. "कोयनेल ज्या झाडाच्या सालीपासून करतात, त्याच सालीचं," असं तो म्हणाला. घरी येऊन त्यांनी ते कौतुकानं सांगितलं. कौशल्याबाई सुभद्राबाईंकडे गेल्या.

"सुभद्रे, डागदराला सांग. कान वाजत्यात, पोट ऱ्हात न्हाई."

"सांगितलं तर त्ये गोळी बंद करतील, अक्का. मग काय करायचं? बंद करून चालतंय व्हय? तुमी बघितलं न्हाई त्यास्नी वावरात पडल्यालं. म्या बघितलंय."

"त्यो असाच मरंल."

"मरणार न्हाईत. म्या मरू देणार न्हाई." सुभद्राबाईंनी बाटली देवळीत ठेवली आणि विषय संपवला.

कौशल्याबाईंना आंबटढेकरांसाठी सोड्याच्या, पुदिन्याच्या चवीच्या गोळ्या लागत. तशाच पांढऱ्या, जवळजवळ तेवढ्याच. सोमवारी सकाळी सुभद्राबाई गोठ्यात असताना त्यांनी देवळीतली बाटली फडक्यावर उपडी केली, तिच्यात आपल्या बाटलीतल्या सोड्याच्या गोळ्या भरल्या आणि खऱ्या गोळ्यांची पुरचुंडी बांधून आपल्या ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवली. फेकून देववल्या नाहीत. मंगळवारी सोपानरावांचे जुलाब थांबले. बुधवारी कान निवले. शुक्रवारी ते स्वतः बैल घेऊन विहिरीवर गेले. सुभद्राबाई म्हणाल्या, "बघा अक्का, गोळी मानवली अखेर." कौशल्याबाईंनी चुलीत लाकूड सारलं.

आज शनिवार.

अकराच्या सुमाराला पिंपरीहून पाहुणे आले. मालोजीराव मूळचे खटावकडचे. पेनिसिलिनचा कारखाना उभा राहताना गवंडीकामाला आले आणि तिथेच राहिले. त्यांचा ज्योतीराम, शालनचा होणारा नवरा, आता त्याच कारखान्यात शिफ्टवर होता. कामाच्या ओळखीच्या ठेकेदाराचा ट्रक घेऊनच मंडळी आली होती. अंगणात घोंगड्या अंथरल्या होत्या. सोपानराव पागोटं बांधून, गंध लावून बसले, आणि मालोजीरावांनी त्यांच्याकडे बघून म्हटलं, "आमी तर ऐकलं व्हतं तुमी आजारी हाय. तुमी तर आमच्यापरीस ठणठणीत."

"आता बरं हाय," सोपानराव म्हणाले. "औषध चालू हाय."

बाराचा भोंगा झाला. सुभद्राबाई तांब्या आणि गोळी घेऊन दाराआड आल्या, सोपानराव उठून आत गेले, गोळी घेऊन परत आले. सुपाऱ्यांचं ताट पुढे आलं. पाहुण्यांना टोपी-उपरणं द्यायला म्हणून सोपानराव उठले, मालोजीरावांच्या खांद्यावर उपरणं ठेवलं, आणि त्यांचा हात तिथेच राहिला.

"दादा?" लक्ष्मणराव म्हणाले.

सोपानराव हळूच खाली बसले. चेहरा राखेसारखा पडला होता आणि पागोट्याखालून घामाच्या धारा येत होत्या. लक्ष्मणरावांनी छातीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. आत धडधड नव्हती, नुसती फडफड होती.

मग सगळं एकदम झालं. ज्योतीराम ट्रककडे धावला, चौघांनी सोपानरावांना घोंगडीसकट उचललं. सुभद्राबाई अनवाणीच चढल्या. कौशल्याबाई मात्र आत गेल्या, ट्रंक उघडली, पुरचुंडी कमरेला खोचली आणि मग येऊन ट्रकच्या फळीला धरून वर चढल्या. पुरचुंडी का घेतली, ते कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

दवाखान्यात डॉक्टर मोघ्यांनी पुन्हा पट्टे बांधले. यंत्रातून कागद सरकू लागला आणि डॉक्टर तो बोटांवरून ओढत बघत राहिले. सोपानरावांचे डोळे अर्धे मिटलेले होते. हाक मारली की हुंकार देत, एवढंच.

"गोळ्या चालू होत्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय," सुभद्राबाई म्हणाल्या. "एक बी चुकली न्हाई. सवताच्या हातानं दिल्यात."

"आजच्या?"

"सकाळची दिली. बाराचा भोंगा झाला, तवा दिली."

डॉक्टरांनी चष्मा काढला. कागदाची पट्टी त्यांच्या हातात तशीच लोंबत होती. ते लक्ष्मणरावांकडे वळले. "मग अवघड आहे. हे औषध बहुतेकांच्या काळजाला ताळ्यावर आणतं, पण एखाद्याच्या काळजाला तेच बिघडवतं. गोळ्या वेळच्या वेळी पोटात जाऊनही असे ठोके सुटले असतील, तर ते गोळ्यांनीच सुटले असावेत अशी मला भीती वाटते. म्हणजे आता हे औषध मला देता येणार नाही. आणखी दिलं, तर मीच त्यांना मारल्यासारखं होईल."

"दुसरं औषध?"

"जे काही आहे ते याच प्रकारचं. तोच धोका. ठोके आपणहून उतरतात का, ते बघायचं."

"आन न्हाई उतरलं तर?"

डॉक्टरांनी कागदाच्या पट्टीची घडी करून टेबलावर ठेवली.

कौशल्याबाई दाराशी उभ्या होत्या. अडीच महिने त्या जे सांगत होत्या, तेच आता डॉक्टरच्या तोंडून बाहेर पडत होतं. औषध विषारी आहे. कोयनेलनं त्यांचा नवरा नेला, याच झाडाच्या औषधानं भाऊ चालला. उद्या गावात सगळे म्हणतील, अक्का सांगत होती, कुणी ऐकलं नाही. सोड्याच्या गोळ्यांचं कुणाला कधी कळणारही नाही. सुभद्रा जन्मभर ऊर बडवत बसेल, की मीच दर सहा तासांनी त्यांच्या तोंडात ते घातलं.

एवढं सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि ते आलं याचीच त्यांना भीती वाटली. त्या पुढे झाल्या.

"डागदरसाहेब. त्यानं गोळ्या घेतल्याच न्हाईत."

"असं कसं म्हणता?" सुभद्राबाई म्हणाल्या. "अक्का, तुमच्या देखत दिल्यात म्या."

"तू दिल्यास त्या सोड्याच्या व्हत्या. माझ्या." कमरेची पुरचुंडी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी गाठ सोडली. त्यांनी एक गोळी मोडली, कण जिभेला लावला आणि त्यांचं तोंड कडू झालं.

"केव्हापासून?"

"सोमवारपासनं."

"नक्की सोमवार? नीट आठवा, आजी. यातली एकही गोळी त्यानंतर पोटात गेली नाही?"

"सोमवारी सकाळी समद्या काढल्या. एक बी ठिवली न्हाई."

"म्हणजे पाच दिवस झाले. अंगात आता काही उरलेलं नाही." ते स्वतःशीच बोलत होते. "मग हा औषधाचा दोष नाही. हा मूळचा आजार आहे." त्यांनी नर्सला हाक मारली, औषधाची सुई मागवली, यंत्राचे पट्टे परत आवळायला सांगितले. "सगळे बाहेर व्हा."

व्हरांड्यात आल्यावर सुभद्राबाईंनी कौशल्याबाईंकडे पाहिलं. पलीकडे खांबाला टेकून खाली बसल्या आणि पदर तोंडावर ओढला.

लक्ष्मणराव मात्र कौशल्याबाईंच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. दिघीच्या घरात अक्काचा शब्द खाली पडू न देणारा हाच भाऊ. गेल्या वर्षी माळाचं वावर कारखान्याला द्यायचं की नाही यावरून दोघा भावांचं बोलणं बंद झालं, तेव्हा अक्का लक्ष्मणरावांच्या बाजूनं उभी राहिली होती.

"अक्का, तू त्याला मारायला निघाली व्हतीस."

"व्हय."

"व्हय काय म्हनतीस? काही तरी बोल."

"काय बोलू, लक्षुमणा? मला वाटलं, मी त्याला वाचवतीया. पाच दिस त्यो जेवला."

"ट्रक अजून खाली हाय. ज्योतीरामासंगट घरला जा. इथं तुझं काम न्हाई."

"जाणार न्हाई," कौशल्याबाई म्हणाल्या. "त्याचं काय हुतंय ते बघितल्याबगार मी हलणार न्हाई. मग तू म्हनशील तिकडं जाईन. नांदल्या घरी सुदिक जाईन."

सासरी, त्या नांदल्या घरी, आता कुणीच उरलं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. लक्ष्मणरावांनी मान फिरवली.

तासाभरापेक्षा जास्त वेळ गेला. मधे एकदा नर्स घाईनं बाहेर येऊन परत आत गेली तेव्हा तिघंही उठून उभे राहिले, आणि तिनं काहीच सांगितलं नाही तेव्हा तिघंही परत बसले. ज्योतीराम व्हरांड्याच्या टोकाला टोपी हातात घेऊन उभा होता. ऊन खांबाच्या पायाशी आलं तेव्हा डॉक्टर बाहेर आले.

"उतरले," ते म्हणाले. "दोनशेवरून नव्वदवर आले. एकदम आले. शुद्धीवर आहेत. पण आजची रात्र मी इथेच आहे."

सुभद्राबाईंनी पदर बाजूला केला आणि डॉक्टरांच्या पायाला हात लावायला वाकल्या. ते मागे सरले. मग कौशल्याबाईंसमोर येऊन उभे राहिले. ते रागावतील म्हणून कौशल्याबाईंनी मान खाली घातली होती, पण आवाज रागाचा नव्हता.

"आजी, का केलंत?"

कौशल्याबाईंनी सांगितलं. पोटाचं सांगितलं, रातकिड्यांचं सांगितलं, आणि मग चाकणच्या पलीकडच्या त्या घराचं, तिथल्या आठ दिवसांचं. इतक्या वर्षांत ते त्यांनी सलग कुणालाच सांगितलं नव्हतं. लक्ष्मणराव तोंड फिरवून उभे होते, पण ऐकत होते.

"कान वाजत होते?" डॉक्टर म्हणाले. "आणि जुलाब? रोज?" ते सुभद्राबाईंकडे वळले. "महिन्याला तपासायला आणत होतात तेव्हा मी विचारत होतो, काही त्रास? तुम्ही म्हणत होतात, काही नाही."

"तुमी गोळी बंद कराल म्हून भ्याले."

"बंद नसती केली," डॉक्टर म्हणाले. "कमी केली असती. कान वाजायला लागले म्हणजे औषध जास्त होतंय. तीच तर खूण असते."

ते आत गेले. दोघी बायका आपापल्या जागी बसून राहिल्या. मधे चार हातांचं अंतर होतं.

रविवारी सकाळी सोपानराव उशीला टेकून बसले. आवाज खोल गेला होता, पण डोळे स्वच्छ होते. ज्योतीराम पहाटेची शिफ्ट बदलून चहाची किटली घेऊन आला होता. "आबांनी सांगितलंय," तो खाली बघत म्हणाला, "सुपारी, मामा, तुमच्याच हातनं फोडायची. घाई न्हाई." एवढं बोलून तो बाहेर जाऊन उभा राहिला.

सोपानरावांनी खोलीत नजर फिरवली. "अक्का कुठंय?"

"बाहेर," लक्ष्मणराव म्हणाले. "दादा, तुला एक सांगायचं हाय. अक्कानं तुझ्या गोळ्या—"

"बदलल्या. मला ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"कोण कशाला सांगतंय? मोघ्यांची गोळी जिभंला लागली की थोबाड वाकडं व्हतंय. सोमवारी दुपारी ती लागली पुदिन्यावानी. घरात तसल्या गोळ्या कुणाच्या, ते काय मला ठावं न्हाई?" त्यांना दम लागला. थांबून म्हणाले, "म्हनलं, सुपारीपतुर जाऊ दे. पाव्हण्यांम्होरनं चारदा उठून जायला लाज वाटत व्हती. पोट निवलं, कान निवलं, दोन घास ग्वाड लागाय लागलं. अक्काला काय बोलू नगंस. म्या गप बसलो, म्हून ह्ये झालं."

लक्ष्मणरावांच्या रागाला जागाच उरली नाही. ते खाटेच्या कडेला बसले आणि भावाच्या पायावर हात ठेवला. त्या भांडणानंतर दोघं असे जवळ पहिल्यांदाच बसले असतील.

पण सुभद्राबाई उठल्या. त्यांनी हातातला पेला खाटेखाली ठेवला आणि कुणाकडे न बघता बाहेर आल्या. व्हरांड्यात कौशल्याबाई भिंतीशी बसल्या होत्या. आतलं सगळं त्यांना ऐकू आलं होतं.

"त्यास्नी ठावं व्हतं," सुभद्राबाई म्हणाल्या. "तुमास्नी ठावं व्हतं. एक माझ्याच डोळ्यावर पट्टी. रात्री बाराला उठून म्या तांब्या भरायची, त्यास्नी जागं करायची. आन त्यांच्या तोंडात काय घालत व्हते म्या? सोडा."

"चुकले मी, सुभद्रे."

"तुमी माझ्या हातनं करविलंत, अक्का. तुमी त्या येळी बोलला नसता, तर म्या त्यास्नी गोळी दिली म्हून डागदरानं हात आखडला असता. म्या छातीठोक सांगत व्हते, एक बी चुकली न्हाई. माझ्या तोंडानं त्यांचा जीव गेला असता." त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "ह्ये मी इसरणार न्हाई."

"नगं इसरूस."

"कान वाजत्यात म्हून तुमी सांगत व्हता. म्या डागदराला सांगितलं असतं तर ह्ये घडलंच नसतं. त्ये बी मी इसरणार न्हाई."



दुपारी डॉक्टरांनी कमी केलेली गोळी सुरू केली, सुरुवातीला अर्धीच. पुढच्या आठवड्यात घरी सोडायचं, तर घरात यंत्र नाही, म्हणून एका माणसानं नाडी मोजायला शिकलंच पाहिजे, असं ते म्हणाले. त्यांनी सुभद्राबाईंची बोटं सोपानरावांच्या मनगटावर ठेवली, आपलं घड्याळ त्यांच्या हातात दिलं आणि लाल काटा दाखवला. हा एक फेरा करून येईपर्यंत मोजायचं. ठोके एकसारखे हवेत. मधेच एखादा गळाला, किंवा घाईनं दोन आले, की आम्हाला कळवायचं. शंभराच्या वर गेले तर लगेच घेऊन यायचं.

सुभद्राबाईंनी मोजायला घेतलं. विसापर्यंत आल्या आणि बोटं थरथरायला लागली. परत घेतलं. चाळिसाशी आकडा निसटला. तिसऱ्यांदा त्यांना नवऱ्याचा ठोका कोणता आणि आपल्या बोटातला कोणता, तेच कळेना. त्यांनी घड्याळ गादीवर ठेवलं. मग दारापाशी आल्या.

"अक्का, आत या."

कौशल्याबाई उठल्या, पण उंबऱ्याशी थांबल्या.

"या म्हनलं न्हवं. मला जमंना. माझा हात ऱ्हात न्हाई."

सोपानरावांचा डोळा लागला होता. कौशल्याबाई खाटेशेजारी बसल्या. याच मनगटाला धरून त्यांनी त्याला ओढ्यातून पलीकडे नेलं होतं. आता ते त्यांच्या चिमटीत मावत होतं. अंगठ्याखालच्या खाचेत त्यांनी दोन बोटं टेकली. पहिल्यांदा काहीच लागलं नाही. मग लागलं. एक आला, गेला, आणि तेवढंच अंतर ठेवून दुसरा आला. लाल काटा वरून निघाला तसं त्यांनी ओठ न हलवता मोजायला सुरुवात केली. सुभद्राबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. काटा फिरून जागेवर आला.

"किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

"एकसारखं?"

"एकसारखं. एक बी गळाला न्हाई."

सुभद्राबाई तिथेच उभ्या होत्या.

"परत मोजा," त्या म्हणाल्या.

कौशल्याबाईंनी काटा वर येऊ दिला आणि एकपासून परत मोजायला घेतलं.